महिन्याचं रेशन महिनाभर: बेळगाव सीमाभागातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडगावात आमच्या घरी माग आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माग थांबले, तेव्हा सहा माणसांचं घर रेशनच्या तांदळावर आणि सासूबाईंच्या हिशेबावर चाललं. त्यानंतर आमच्या बचत गटात कर्जाच्या हप्त्यापेक्षा जास्त बोलणं याच विषयावर होत आलंय: आहे तेवढ्यात सगळ्यांना पोटभर कसं घालायचं. बायका जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथं लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती थोडक्यात सांगून चुलीपाशी उपयोगी पडत नाहीत.

अक्का, सामान वीस-बावीस तारखेलाच संपतं. सुरुवात कुठून करू?

मापापासून. माझ्या सासूबाई येळ्ळूरच्या. त्यांच्या माहेरी भात अजून मापानं मोजतात: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. मी लग्न होऊन आले तेव्हा तांदूळ हातानं अंदाजानं काढायची. त्यांनी काही न बोलता डब्यात एक पितळी चिपटं ठेवलं. काठ झिजलेला, बुडाला पोचा आलेला. आठवड्यानं त्यांनी मला डबा दाखवला, तेव्हा आधीच्या आठवड्यापेक्षा तांदूळ दोन बोटं वर होता आणि घरात कुणी कमी जेवलं नव्हतं. अंदाज रोज थोडाथोडा चढतो आणि उरलेला भात सकाळी टाकावा लागतो, हे मला तेव्हा कळलं.

चिपटं नसेल तर स्टीलची एकच वाटी ठरवा. ती दुसऱ्या कशाला वापरायची नाही. पहिला आठवडा फक्त मोजा, काही कमी करू नका. कुठल्या दिवशी किती शिजलं, किती उरलं ते कॅलेंडरवर लिहा. आठवड्यानंतर तुमच्या घराचं माप तुम्हालाच कळेल, मला विचारायची गरज राहणार नाही.

दुसरी गोष्ट, शेवटचा आठवडा पहिल्याच दिवशी वेगळा काढा. सामान घरी आलं की सात दिवसांचे तांदूळ, दोन-तीन वाट्या डाळ किंवा कडधान्य, शेंगदाणे, थोडं पीठ आणि एका बाटलीत तेल असं वेगळ्या डब्यात भरून माळ्यावर ठेवा. हाताशी ठेवलं तर राहत नाही. मी पहिल्या महिन्यात १९ तारखेलाच डबा खाली काढला होता. दुसऱ्या महिन्यात २४ पर्यंत थांबले. तिसऱ्या महिन्यापासून जमलं.

रेशनमध्ये नेमकं किती मिळतं आणि ते पुरतं का?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे बीपीएल घराला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून हे मोफत आहे. कर्नाटकात २०१३ पासून 'अन्नभाग्य' योजना आहे. त्यातला राज्याचा वाटा वेळोवेळी बदलत आलाय. जुलै २०२३ पासून काही काळ जादा तांदळाऐवजी किलोला ३४ रुपये या हिशेबानं माणशी १७० रुपये खात्यात जमा होत होते. म्हणून दर महिन्याला दुकानात विचारूनच हिशेब मांडा. मागच्या महिन्याच्या आकड्यावर विसंबू नका.

आता फक्त ५ किलोचा हिशेब करू. चार माणसांचे २० किलो, म्हणजे दिवसाला साधारण ६६० ग्रॅम, माणशी १६५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या आहारासाठी दिवसाला २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य धरलंय. तेव्हा नुसता रेशनचा तांदूळ पुरत नाही, ही तुमची चूक नाही. उरलेली जागा ज्वारी, नाचणी, कडधान्य आणि पाल्यानं भरायची आहे. मागावर किंवा शेतात राबणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त लागतं, तेही धरा.

रेशनच्या तांदळात प्लॅस्टिकचे दाणे असतात म्हणे. ते निवडून टाकू का?

नका टाकू. हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि दर वेळी कुणीतरी सुपात ते दाणे वेगळे काढून कोंबड्यांना घातलेले असतात. ते पोषक दाणे आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळतात. रंग जरा वेगळा असतो, काही पाण्यावर तरंगतात, म्हणून शंका येते. एक दाणा बोटानं दाबून पाहा, शिजल्यावर तो भातासारखाच मऊ झालेला असतो.

म्हणूनच तांदूळ एक-दोन पाण्यांनीच धुवा, चार-पाच पाण्यांनी नको. जास्त पाण्यात शिजवून पेज काढत असाल तर ती ओतू नका, मीठ घालून प्या किंवा आमटीत घाला. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर मात्र या तांदळाबद्दल डॉक्टरांना विचारा.

रेशनचा भात मऊ गोळा होतो, पोरं तोंड फिरवतात.

अर्धा तास भिजवून, पाणी निथळून, चमचाभर तेलात दोन मिनिटं परतून मग शिजवा. नवा तांदूळ असेल तर पाणी कमी लागतं. दीड पट पाण्यापासून सुरुवात करा आणि आपल्या भांड्याचं माप बसवा.

खरं सांगायचं तर सगळा तांदूळ भातासाठी ठेवूच नका. हा तांदूळ पिठाला चांगला. आमच्याकडे महिन्याच्या तांदळातला चौथा हिस्सा धुऊन, सावलीत वाळवून गिरणीत जातो. त्याच्या भाकऱ्या होतात. पाण्याला उकळी आणून चिमूट मीठ घालायचं, पीठ घालून झाकायचं, गॅस बंद करायचा, आणि कोमट असतानाच मळायचं. निम्मं ज्वारीचं पीठ घातलं तर भाकरी पोटात जास्त वेळ टिकते. ज्वारीचं पीठ जुनं होऊन त्याची चिकी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल आणि थापताना भाकरी कडेनं चिरत असेल, तर हीच उकड काढायची युक्ती तिलाही चालते.

घावन तर सगळ्यांत स्वस्त. रात्री भिजवलेला तांदूळ सकाळी बारीक वाटायचा, ताकासारखं पातळ करायचं, मीठ घालायचं आणि तापलेल्या तव्यावर ओतायचं. डाळ लागत नाही. आंबोळीला तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद आणि अर्धा चमचा मेथी. आठवड्यातून दोनदा न्याहारीला घावन केलं की पोरं भातालाही कंटाळत नाहीत.

डाळ महाग झालीय. नुसता भात आणि चटणी खाऊन पोट भरतंच की?

भरतं, आणि दोन तासांत पुन्हा रिकामं होतं. शाळेतून आलेलं पोर 'भूक लागली' म्हणत बिस्किटाच्या पुड्याला हात घालतं, तो पुडा डाळीपेक्षा महाग पडतो. शंभर ग्रॅम तांदळात सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढ्याच मसूर, मूग, मटकी, हुलग्यात बावीस ते पंचवीस. शिवाय धान्यात जे कमी असतं ते कडधान्यात असतं आणि कडधान्यात जे कमी ते धान्यात. भाताबरोबर आमटी आणि भाकरीबरोबर उसळ आपल्या आज्यांनी जोडली, ती जोडी शरीराला खरोखरच लागते.

पण डाळ म्हणजे तूरच, ही सवय मोडायला पाहिजे. तुरीच्या डाळीचा भाव वर्षातून कधीही उसळतो. त्या वेळी हुलगा, मटकी, चवळी, अख्खा मसूर यांतलं जे स्वस्त असेल ते घ्या. आपल्या येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारात भात कापून झाला की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. तो जवारी मसूर बारीक असतो, लवकर शिजतो आणि चवीला गोडसर लागतो. सुगीनंतर शेतकऱ्याकडून थेट पायलीनं घेतला तर वर्षाची सोय होते. दोन-तीन घरांनी मिळून घ्यावा, म्हणजे एकदम पैसे काढावे लागत नाहीत. बेळगावच्या रविवार पेठेत घाऊक घ्यायचं असेल तरी हाच मार्ग.

दिवसाला माणशी ८५ ग्रॅम आपल्याला परवडत नसेल तर निदान एक मूठ धरा. पोरांच्या आणि पोटुशीच्या वाट्याची मूठ काही झालं तरी कमी करू नका.

वाटीभर मसुरात सहा माणसांची आमटी कशी होते? माझी तर पाणीच होते.

आमटी वाढवायची म्हणजे तिच्यात पाणी ओतायचं, असं समजलं की ती पाणीच होते. वाढवायचं ते दाटपण, पाणी त्याच्या मागनं घालायचं. मी कशी करते ते सविस्तर सांगते.

वाटीभर अख्खा मसूर, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास, सकाळी भिजत घालायचा. संध्याकाळी भिजवलेल्या पाण्यासकट तीन वाट्या पाणी घालून मऊ शिजवायचा. तोवर एक मोठा कांदा सालीसकट गॅसच्या जाळावर धरायचा. बाहेरून काळा झाला पाहिजे आणि चिमट्यानं दाबल्यावर त्यातनं रस सुटला पाहिजे. वरची काळी साल काढायची. तो कांदा, सहा-सात लसणीच्या पाकळ्या, चमचाभर जिरं, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि एक पळी शिजलेला मसूर, हे सगळं एकत्र वाटायचं. खोबरं असेल तर बोटभर तुकडा, नसेल तर त्याच्यावाचून अडत नाही.

दोन चमचे तेलात मोहरी, कढीपत्ता, मग आपली घरची चटणी. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं तिखट, त्यात ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटपणाला. चटणी तेलात अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवायची नाही, करपली की सगळी आमटी कडू. लगेच वाटण घालायचं आणि कडेनं तेल सुटेपर्यंत परतायचं. मग मसूर, मग तीन-चार वाट्या गरम पाणी, मीठ, आमसूल किंवा चिंच, आणि सुपारीएवढाच गूळ, लिंबाएवढा नको. दहा मिनिटं मंद उकळू द्यायची.

झाली का ते असं बघायचं: पळीभर आमटी ताटलीत ओतायची आणि ताटली तिरपी धरायची. पाणी पुढे पळालं आणि डाळ मागे राहिली तर अजून मिळून आलेली नाही. चमचाभर ज्वारीचं पीठ थंड पाण्यात कालवून लावा, आणखी पाच मिनिटं उकळा, पुन्हा बघा. सगळं एकत्र सरकलं की झाली. भाकरी कुस्करून खाल्ली तर ती आमटी धरून ठेवते. सहा माणसं दोनदा घेतात.

हुलगा सगळ्यांना आवडत नाही. त्याचं काय करू?

माडगं करा. हुलगे मंद आचेवर खमंग भाजून दळून आणा, किलोभर पीठ डब्यात महिनाभर राहतं. चार चमचे पीठ थंड पाण्यात गाठी मोडून कालवा, लिटरभर पाण्यात घालून ढवळत दहा-बारा मिनिटं शिजवा. मीठ, ठेचलेला लसूण, जिरं घातलं की तिखटमिठाचं, गूळ घातला की गोड. जून-जुलैच्या झडीत कामावरून भिजून आलेल्या माणसाला आधी हे वाटीभर द्या. त्यानंतर त्याला भाताचा ढीग लागत नाही.

खानापूर, जांबोटीकडच्या घरात हेच काम नाचणीची अंबील करते. नाचणीचं पीठ रात्री ताकात किंवा पाण्यात आंबवायचं, सकाळी शिजवायचं, कांदा घालून प्यायचं. शंभर ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम असतं. दूध परवडत नाही त्या घरात पोरांना रोज वाटीभर अंबील मिळालीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

भाजीला पैसे उरत नाहीत. भाजी सोडली तर चालेल का?

सोडू नका, वेळ आणि जागा बदला. बेळगावचा शनिवारचा बाजार दिवेलागणीला उठायला लागतो. कडोली, काकती, हिंडलगा, होनग्याहून भाजी घेऊन आलेल्या बायकांना शेवटची गाडी गाठायची असते. त्या वेळी पालेभाजीची उरलेली पेंडी स्वस्तात मिळते. खरं घासाघीस फार करू नका. समोरची बाईही आपल्यासारखंच घर चालवतेय.

जे टाकतो त्यातही भाजी असते. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे दांडे, बीटची पानं, दुधीची साल, भोपळ्याच्या बिया, कोथिंबिरीच्या काड्या. मुळ्याचा पाला बारीक चिरून बेसन किंवा ज्वारीच्या पिठात परतला की झुणका होतो, मुळ्यापेक्षा तोच चवदार लागतो. दुधीची साल तिळाबरोबर परतून चटणी होते.

पश्चिमेकडे उचगाव, बिजगर्णी, बेळवट्टीला रताळी आणि बटाटे पिकतात. मालाची निवड होते तेव्हा बारीक आणि फावडं लागून मोडलेली रताळी वेगळी पडतात. ती स्वस्त असतात. उकडून, मीठ लावून संध्याकाळी पोरांना दिली की जेवणापर्यंत कुरकुर नाही. बटाटा मात्र हिरवा पडलेला किंवा फार कोंब आलेला घेऊ नका. खानापूरकडे फणस संपला की आठळ्या राखेत घालून ठेवतात. पावसाळ्यात त्या उकडून आमटीत घातल्या की डाळ कमी लागते.

पहिल्या पावसानंतर टाकळा, तांदुळजा, कुर्डू, घोळ, पाथरी बांधावर फुकट उगवतात. अंबाडी जराशी जागा मिळाली तरी परसात लागते. तिचा आंबट गरगट्टा, त्यात मूठभर तांदळाच्या कण्या आणि शेंगदाणे, वरून लसणाची फोडणी. शेजारच्या कन्नड घरात त्यालाच पुंडी पल्या म्हणतात आणि दोन्ही घरात तो भाकरीबरोबरच खातात. रानभाजी ओळखीचीच घ्या. अळंबी तर ओळखणारं माणूस सोबत असल्याशिवाय अजिबात नको. ज्या शेतात तणनाशक मारलंय त्या बांधावरचंही काही तोडू नका.

शिळा भात, शिळी भाकरी किती वेळ चालते?

भाकरीची भीती कमी. सकाळी कुस्करून कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याच्या फोडणीत परतली की न्याहारी होते. दोन दिवसांच्या कडक भाकरीचे तुकडे ताकात किंवा आमटीत भिजवायचे. बुरशीचा ठिपका दिसला तर सगळी भाकरी टाकायची, ठिपका खुडून उपयोग नाही.

भाताचं तसं नाही. शिजलेला भात गरम भांड्यात झाकून रात्रभर ठेवला की त्यात जंतू वाढतात. त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, त्यानं उलट्या होतात. म्हणून रात्री मोजूनच शिजवा. उरलाच तर परातीत पसरून लवकर गार करा आणि फ्रिज असेल तर त्यात ठेवा. सकाळी चिकट तार दिसली, आंबूस वास आला तर मोह न धरता टाका. तान्ह्या पोराला, गरोदर बाईला आणि आजाऱ्याला शिळा भात देऊच नका. दवाखान्याचा एक फेरा महिन्याच्या तांदळापेक्षा महाग पडतो.

अचानक पाहुणे आले तर?

आमटीत चकोल्या सोडा. कणीक किंवा ज्वारी-गव्हाचं मिश्र पीठ मीठ-हळद घालून घट्ट मळायचं, लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे करायचे आणि उकळत्या आमटीत एकेक सोडायचे. चार जणांच्या आमटीत सात जणांचं जेवण होतं आणि कुणाला काही कमी पडल्याचं जाणवत नाही. सोबत चुरमुऱ्याचा सुसला. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे आणि कांद्याच्या फोडणीत परतायचे, वरून डाळं-साखरेची पूड. आमच्या गल्लीत पाहुण्याला हे आनंदानं वाढतात.

तेल आणि गॅस कसा वाचवायचा?

तेल बाटलीतनं ओतू नका, चमच्यानं घाला. महिन्याच्या तेलाचे चार भाग करून एकेक आठवड्याची बाटली वेगळी भरा. कढईला झाकण ठेवून वर पाणी घातलं की भाजी कमी तेलात शिजते.

गॅससाठी कडधान्य भिजवणं हेच निम्मं काम. डाळीच्या कुकरला एक शिट्टी झाली की तो उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळून टोपलीत ठेवा. पाऊण तासानं डाळ शिजलेली असते.

पावसाळ्यात काम बंद पडतं. त्यासाठी आधी काय साठवावं?

मार्च ते मे हे आपले साठवणीचे महिने. मूग-मटकीच्या डाळीचे सांडगे, हरभऱ्याचा वाळवलेला पाला, गवारीच्या उकडून वाळवलेल्या शेंगा, चिंच, आमसूल, चटणी. भाजी नसेल त्या दिवशी सांडगे तेलात परतून आमटीत घातले की कालवण तयार. कडधान्य कडक उन्हात दोन दिवस तापवून, पूर्ण गार झाल्यावर कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून भरा. गरम असताना डबा बंद केला तर आत दमटपणा धरतो आणि किडा लागतो. खानापूरच्या पावसात पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा.

रेशन दुकानातली पाटी आणि पावती कन्नडमध्ये असते. आम्हाला वाचता येत नाही.

हे दुखणं आपल्या भागात जुनं आहे आणि त्यावर बोलायचं ते बोलूच. पण तोवर आपल्या वाट्याचं धान्य मोजून मिळायला हवं, म्हणून एवढे शब्द पाठ करा. न्यायबेले अंगडी म्हणजे रास्त भावाचं दुकान, पडितर चीटी म्हणजे रेशनकार्ड. अक्की म्हणजे तांदूळ, जोळ म्हणजे ज्वारी, रागी म्हणजे नाचणी, तोगरी बेळे म्हणजे तूरडाळ, एण्णे म्हणजे तेल, उप्पू म्हणजे मीठ, तूक म्हणजे वजन. कन्नड आकडे शाळेत जाणाऱ्या पोरांकडून शिकून घ्या, एका संध्याकाळचं काम आहे.

मी सुरुवातीला पावती न बघता पिशवी उचलायची. एका दुकानात दोन महिने माणशी मापात कमी भरलं, ते घरच्या काट्यावर कळलं. तेव्हापासून दुकानातच वजन बघते आणि पावती कॅलेंडरमागे लावते. कमी मिळालं तर आधी दुकानदाराला शांतपणे दाखवा, नाही ऐकलं तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करा. मागावर आणि शेतात राबून अंगठ्याची रेघ झिजते, यंत्र घेत नाही. दुसरं बोट लावून बघा किंवा कार्डावरच्या दुसऱ्या माणसाला न्या. मोकळ्या हातानं परत येऊ नका.

घरातलं कुणी कामाला पुण्या-मुंबईकडे किंवा गोव्यात गेलं असेल तर केंद्राच्या वाट्याचं धान्य तिकडच्या दुकानातही त्याच कार्डावर मिळू शकतं.

सगळ्यांना वाढून झालं की माझ्यासाठी आमटी उरत नाही. काय करू?

हा प्रश्न गटात कुणी मोठ्यानं विचारत नाही. बैठक संपली की दारात थांबून विचारतात. दुसऱ्या खेपेला मी गरोदर होते तेव्हा मागावर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तपासलं तर रक्त कमी. मी सहा जणांसाठी आमटी करत होते आणि स्वतः भाताबरोबर पातेलं पुसून खात होते. इतकी वर्षं हे कुणाला दिसलं नाही, मलाही नाही.

सासूबाईंनी त्या दिवसापासून एक पद्धत लावली. रांधून झालं की पहिलं ताट रांधणारीचं. भाकरी, आमटी, भाजी सगळं वाढून झाकून फळीवर ठेवायचं, मगच बाकीच्यांना बोलवायचं. पहिले काही दिवस मला लाज वाटली. आता आमच्या घरात ते झाकलेलं ताट नसेल तर माझा मुलगाच विचारतो. तुमच्या घरात सासू किंवा नवरा ऐकत नसेल तर निदान आमटी वाट्यांनी मोजून काढा. सहा माणसं तर सहा वाट्या ओट्यावर मांडा, पोरीची आणि पोराची वाटी सारखी. पातेल्यातनं वाढलं की शेवटच्याला कमी येतं, वाटीनं मांडलं की कमी पडलेलं सगळ्यांना दिसतं आणि सगळेच थोडं थोडं सोडतात.

पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. जेवल्यावर लगेच चहा नको, तासभर थांबा. गरोदर बायकांनी अंगणवाडीतलं जेवण सोडू नये. राज्याची 'मातृपूर्ण' योजना त्यासाठीच आहे. घरी आधीच खाल्लंय असं म्हणून लाजू नका. लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात.

पोरांचं दुपारचं जेवण शाळेत होतं. मग घरी कमी शिजवू का?

दुपारचं कमी शिजवा, रात्रीचं नको. सरकारी आणि अनुदानित शाळेत 'अक्षर दासोह'चं गरम जेवण आणि दूध मिळतं. पोरगं ते खरंच खातं का, हे एकदा शाळेत जाऊन बघा. शहरात कामाला जाणाऱ्यांसाठी इंदिरा कँटीनमध्ये ५ रुपयांत न्याहारी आणि १० रुपयांत जेवण आहे. घरी परत येईपर्यंत उपाशी राहण्यापेक्षा तिथं जेवा.

घरात तांदूळ, मीठ आणि चार कांदे उरलेत. पैसे परवा मिळणार. आज काय करू?

एक वाटी तांदूळ जाडसर भरडून घ्या, आठ वाट्या पाण्यात मऊ पेज शिजवा. मीठ घाला. दोन कांदे जाळावर भाजून, मीठ आणि असलीच तर मिरची घालून ठेचा. पेजेबरोबर खा. परसात किंवा गल्लीच्या कोपऱ्यावर शेवगा असेल, बहुतेक गल्लीत असतो, तर दोन मुठी कोवळी पानं ओरबाडून पेजेत शेवटची पाच मिनिटं शिजवा. शेवग्याच्या पानाला कुणी नाही म्हणत नाही.

मग शेजारी जा आणि चिपटंभर डाळ उसनी मागा. आमच्या गटात यासाठी एक डबा आहे. दर महिन्याला प्रत्येकीनं वाटीभर कडधान्य त्यात टाकायचं आणि लागेल तिनं न सांगता घ्यायचं. वहीत नाव लिहीत नाही. डबा माझ्या घरी दाराच्या आत डाव्या हाताला फळीवर असतो आणि दिवसा दार उघडंच असतं. तुमच्या गल्लीत असा डबा नसेल तर दोघी-तिघींनी मिळून या महिन्याचं सामान आणाल त्याच दिवशी भरून ठेवा.